साताऱ्यातून शेअर गाडीने कास तलाव आणि बामणोली: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सप्टेंबर जवळ आला की फोन सुरू होतात. आम्ही दोघंच आहोत, स्वतःची गाडी नाही, अख्खी गाडी परवडत नाही, शेअरमध्ये कास-बामणोली होईल का? होतं, आणि चांगलं होतं. मी साताऱ्याची, आणि पाहुण्यांना, मैत्रिणींना, त्यांच्या ऑफिसातल्या लोकांना हेच सगळं परत परत सांगत असते, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. मोठं झालंय, पण निघायच्या आधी एकदा वाचाच.

शेअर टूर म्हणजे वडापच का?

नाही. वडाप म्हणजे गाडी भरली की सुटणार आणि वाटेत कुणी हात केला की थांबणार. शेअर डे टूरमध्ये सीट आधी बुक असते, गाडी सकाळी ठरलेल्या वेळी निघते, ठरलेल्या ठिकाणी थांबते आणि संध्याकाळी साताऱ्यात सोडते. माणसं मात्र एकमेकांना अनोळखी असतात. साधारण टेम्पो ट्रॅव्हलर असते, माणसं कमी असली तर एर्टिगा किंवा क्रूझर. गाडी कुठलीही असू दे, नंबर प्लेट पिवळी आहे ना ते बघा. पांढऱ्या प्लेटच्या घरगुती गाडीत पैसे घेऊन माणसं नेणं नियमात बसत नाही आणि उद्या काही झालं तर इन्शुरन्सच्या वेळी तुमचीच अडचण होते.

नक्की कुठले तलाव बघायला मिळतात?

मुख्य दोन. कास तलाव आणि बामणोलीचा शिवसागर जलाशय. पण खरं सांगायचं तर पाणी दिसायला लागतं ते यवतेश्वरचा घाट चढला की लगेच. समर्थ मंदिराकडून वर आलात की मागे सातारा शहर आणि अजिंक्यतारा राहतो, आणि पुढे रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो. कासकडे तोंड करून बसलात तर उजव्या हाताला खाली कण्हेर धरणाचं पाणी म्हणजे वेण्णा नदी, आणि डाव्या हाताला उरमोडी धरणाचं पाणी, त्याच बाजूला सज्जनगड. एका रस्त्यावरून दोन्ही अंगांना दोन धरणं दिसतात, असा रस्ता आपल्या जिल्ह्यातसुद्धा दुसरा पटकन आठवत नाही. बरेच ड्रायव्हर इथे थांबत नाहीत कारण प्लॅनमध्ये नसतं. तुम्ही सांगा, "दादा पाच मिनिटं थांबा," थांबतात.

कास तलाव शहरापासून साधारण २५ किलोमीटरवर, पठाराच्या थोडं पुढे. तीन बाजूंनी दाट झाडी आणि मधे पाणी. हे पाणी सातारकर पितात, शहराच्या मोठ्या भागाला ते पिढ्यान् पिढ्या इथूनच येतंय. त्यामुळे आमच्यासाठी तो पिकनिक स्पॉटच्या आधी घरातला हंडा आहे. अलीकडे धरणाची उंची वाढवलीय, म्हणून जुन्या फोटोत दिसतो त्यापेक्षा आता तो मोठा दिसतो.

शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. धरण खाली कोयनानगरला, १०३ मीटर उंच, १०५ टीएमसी क्षमतेचं, आणि त्याचं पाणी डोंगरांच्या मधून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला येतं ते पार बामणोली-तापोळ्यापर्यंत. सांगलीच्या लोकांना वेगळं सांगायला नको, पावसाळ्यात कोयनेतून किती क्युसेक सोडलं हे तुम्ही आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी बघत ऐकता, तेच हे पाणी. पुराच्या बातमीतलं पाणी एकदा त्याच्या डोंगरातल्या घरी जाऊन शांत असताना बघावं असं मला मनापासून वाटतं, सांगलीकरांनी तर नक्कीच.

यायचं कधी?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. फुलं हवी असतील तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा, त्यातही पाऊस कसा झाला त्यावर पुढे-मागे होतं. पण तलाव हवे असतील तर माझं उत्तर वेगळं आहे, ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर. पाऊस गेलेला असतो, शिवसागर काठोकाठ भरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात, हवा स्वच्छ आणि गर्दी फुलांच्या सीझनच्या मानाने काहीच नाही. सगळे सप्टेंबरच्या रविवारी येतात, घाटात गाड्यांच्या रांगेत बसतात आणि नोव्हेंबरमध्ये कुणी फिरकत नाही, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं.

जून ते ऑगस्ट धबधब्यांचे दिवस. भांबवलीचा वजराई, एकीव, ठोसेघर सगळे जोरात असतात पण तलाव धुक्यात असतो आणि बामणोलीची बोट बंद असते किंवा कधीही बंद होऊ शकते. मार्च ते मे मधे पाणी खाली जातं, काठावर मातीचा उघडा पट्टा दिसतो आणि बोटीपर्यंत बरंच उतरून जावं लागतं, पण साताऱ्यात घामाघूम झालेल्या माणसाला कासच्या झाडीतली सावली तेव्हाही सुखाची वाटते.

कास पठार यात येतं का? तिकीट वेगळं असतं का?

पठार वाटेतच आहे, तलावाच्या आधी. फुलांच्या सीझनमध्ये आत जायला प्रवेश फी असते, ऑनलाइन बुकिंग असतं आणि रोजच्या माणसांवर मर्यादा असते, शनिवार-रविवारचे स्लॉट आधीच भरतात. टूरवाला हे काढून देतो का तुम्ही स्वतः काढायचं हे सीट बुक करतानाच विचारा. सगळ्यात जास्त वादावादी यावरून होते, अर्धी गाडी आत जाते आणि उरलेली गेटवर उभी राहते. गाड्या पार्किंगला लावून पुढे ठरलेल्या सोयीने किंवा चालत जायचं असतं, तो वेळ धरून चाला. गर्दीच्या दिवसात परतीची वाहतूक घाटाई मार्गाने काढतात, तेव्हा ड्रायव्हर वेगळ्या रस्त्याने नेतोय म्हणून घाबरू नका.

सीझन नसेल तर पठार गवताचं आणि जांभ्या खडकाचं असतं, गाडीतून बघून पुढे जायचं.

पठारावर फुलं दिसतातच का? फोटोत तर गालिचे असतात.

गालिचे असतात, पण एकाच दिवशी सगळे रंग नाही. गुलाबी तेरडा भरात असतो तेव्हा पिवळी सोनकी नुकती सुरू झालेली असते. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा मोठ्या प्रमाणात फुलते, ती आपल्या वर्षी असेलच असं नाही. आणि वायतुरा, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, तो लांबून नुसता गवतातला तुरा वाटतो.

माझं ऐका, पठारावर एकदा तरी खाली बसा. वाटेच्या कडेला ओल्या खडकावर निळी-जांभळी नखाएवढी फुलं असतात, ती सीतेची आसवं. दिसायला इतकी नाजूक, पण ही वनस्पती किडे खाते. खडकावरची माती जेमतेम काही इंचांची, त्यात नत्र कमी, म्हणून ती मुळापाशी असलेल्या बारीक पिशव्यांमध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. उभं राहून सेल्फी काढणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. आणि माती एवढी पातळ आहे म्हणूनच पायवाट सोडू नका म्हणतात, तिथे एक पाऊल पडलं की माती दबते आणि पुढच्या वर्षी तिथे फूल येत नाही. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हटलं त्यात कास आहे ते या पातळ मातीवरच्या जिवांमुळे.

पठारावर कुमुदिनीचं तळंही आहे, पांढऱ्या झालरीच्या फुलांनी भरलेलं, पण तिकडे राजमार्ग म्हणतात त्या जुन्या वाटेने बरंच चालावं लागतं. शेअर टूरमध्ये तेवढा वेळ क्वचितच देतात. तुम्हाला तेच बघायचं असेल तर आधी बोलून ठेवा.

एका दिवसात कास, बामणोली, ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वर सगळं होईल का?

गाडीतून होईल, डोळ्यांनी होणार नाही. अशी जाहिरात दिसली की मी सरळ नको सांगते. कास-बामणोली एका दिशेला, ठोसेघर-सज्जनगड बोगद्यातून दुसऱ्या दिशेला, म्हणजे परत शहरात यावंच लागतं. महाबळेश्वर मेढ्यामार्गे अजून वेगळं. सगळीकडे घाट आहे, नकाशावर २० किलोमीटर दिसलं तरी पाऊण तास धरायचा. कास आणि बामणोली एवढंच असलेली ट्रिप सगळ्यात चांगली, फार तर येताना यवतेश्वरला थांबा.

ज्यांना वेण्णा लेक बघायचाय त्यांनी महाबळेश्वर-तापोळा ही वेगळी शेअर ट्रिप घ्यावी. वेण्णा लेक १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी बांधून घेतला असं सांगतात, तिथे बोटिंग, घोडे, कणसं असं जत्रेचं वातावरण असतं, मुलं खूश होतात. तिथून साधारण २५ किलोमीटर उतरलं की तापोळा, म्हणजे शिवसागराचंच वरचं टोक.

निघायचं कुठून, किती वाजता?

बहुतेक गाड्या पोवई नाका, एसटी स्टँड किंवा राजवाडा इथून माणसं घेतात. सातच्या सुमाराला निघणारी गाडी बघा, नऊला निघणारी नको. सकाळी कास तलावावर धुकं पाण्यावरून उचललं जात असतं आणि माणसं नसतात, अकराला तिथे पार्किंगला जागा नसते.

पुण्याहून किंवा सांगलीहून त्याच दिवशी येऊन सातची गाडी पकडायची म्हणजे पहाटे चारला निघावं लागतं. साताऱ्यात आदल्या रात्री मुक्काम करा ना, एवढ्यासाठी झोपेची वाट कशाला लावायची. आणि रेल्वेने येणारे, लक्षात ठेवा, आपलं स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे, तिथून गावात यायला रिक्षा लागते.

पैसे किती आणि त्यात काय काय धरलेलं असतं?

आकडा इथे लिहित नाही, कारण डिझेल आणि सीझन प्रमाणे दर बदलतो. हिशोब कसा असतो ते सांगते. गाडीचं दिवसाचं भाडं, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, यांना सीटनी भागायचं आणि वर आयोजकाची मेहनत. म्हणजे गाडी निम्मीच भरली तर तुमचा वाटा वाढणार का तोच राहणार, हे आधी ठरवून घ्या. सीटच्या पैशात साधारणपणे फक्त प्रवास धरलेला असतो. पठाराची फी, बोट, जेवण, चहा आणि पार्किंग वेगळं. "सगळं इन्क्लुड आहे" असं कुणी म्हटलं तर "सगळं म्हणजे काय काय" एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

बामणोलीच्या बोटिंगचं कसं असतं?

इथे नवीन माणूस गोंधळतो म्हणून सविस्तर सांगते. बोटीचा दर माणशी नसतो, बोटीचा असतो, आणि तो कुठे जायचं त्यावर ठरलेला असतो. जवळची एक फेरी, त्रिवेणी संगम, तापोळा, वासोटा किल्ल्याचा पायथा, असे वेगवेगळे. दराचा बोर्ड काठावर असतो, तिथेच पावती होते. बोटीत ठरलेलीच माणसं बसवतात, म्हणून शेअर टूरमध्ये सगळ्या गाडीची मिळून एक किंवा दोन बोटी करायच्या आणि पैसे वाटून घ्यायचे. चार जणं म्हणाले आम्हाला बोट नको तर उरलेल्यांचा वाटा वाढतो, हा विषय काठावर उभं राहून काढू नका, जाताना गाडीतच मिटवा.

एवढ्या लांब येऊन अर्ध्या तासाची फेरी मारून परत येऊ नका, संगमापर्यंत तरी जा. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या जिथे एकत्र येतात तो भाग. कोयना महाबळेश्वरातून येते, कांदाटीच्या खोऱ्यात आजही वस्ती विरळ आणि जंगल दाट आहे. बोटीच्या इंजिनचा आवाज मोठा असतो, बोलताना ओरडावं लागतं, पण मधे जाऊन बोटवाल्या मामांना दोन मिनिटं इंजिन बंद करायला सांगा. नुसतं फळीवर पाणी आपटल्याचा आवाज येतो आणि चारी बाजूंनी डोंगर सरळ पाण्यात उतरलेले दिसतात.

लाइफ जॅकेट प्रत्येकाने घालायचं, आणि नुसतं गळ्यात अडकवायचं नाही, पट्टे आवळायचे. लहान मुलांच्या मापाचं मागून घ्या, मोठ्यांचं घातलं तर मूल त्यातून खाली सरकतं. जॅकेट कमी असतील तर त्या बोटीत बसू नका, दुसरी येईपर्यंत थांबा. यात संकोच करायचं काहीच कारण नाही. वारा सुटला, आभाळ भरून आलं आणि मामा नाही म्हणाले तर हट्ट करू नका, पाणी त्यांना कळतं.

जेट स्कीसारखे पाण्यातले खेळ हवे असतील तर ते शिवसागरावरच मुनावळ्याला २०२४ पासून सुरू झालेत, पण ते या ट्रिपमध्ये बसत नाही, वेगळा दिवस काढा.

वासोटा याच ट्रिपमध्ये करता येईल का?

नाही. वासोटा हा पूर्ण दिवसाचा ट्रेक आहे. बामणोलीत वनखात्याची परवानगी, मग तासा-दीड तासाची बोट, मग जंगलातून चढ आणि अंधाराच्या आत परत. हा भाग कोयना अभयारण्यात येतो, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पावसाळ्यात बंदच असतो. त्याच्या वेगळ्या शेअर ट्रिप निघतात, भल्या पहाटे.

तलावात पोहता येईल का?

कुठल्याच तलावात नाही. कास हा पिण्याच्या पाण्याचा तलाव आहे, तिथे पाय बुडवून बसणं, भांडी विसळणं, गाडी धुणं काहीही नको. आणि शिवसागर म्हणजे बुडालेली दरी आहे, काठावरून दोन पावलं टाकली की तळ एकदम खोल जातो. खाली गाळ, जुनी झाडं, दगड. दरवर्षी पट्टीचे पोहणारे म्हणवणारे लोक डोंगरातल्या धरणांमध्ये बुडतात, ते नदीत किंवा टँकमध्ये शिकलेले असतात, त्यांना या थंड आणि खोल पाण्याचा अंदाज नसतो. तुमच्या गाडीतला कुणी उतरायला लागला तर अनोळखी आहे म्हणून गप्प बसू नका. मोठ्याने हाक मारा, ड्रायव्हरला बोलवा.

पाण्याखाली खरंच गावं आहेत का?

हो. धरण झालं तेव्हा खोऱ्यातली कितीतरी गावं गेली, जुनं बामणोलीही त्यातच. माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगडपर्यंत जाऊन वसली, कुणाला जमीन मिळाली, कुणाचं प्रकरण पुढच्या पिढीपर्यंत चाललं. जी वर डोंगरात राहिली त्यांच्या वाट्याला रस्त्याऐवजी पाणी आलं, शाळेला, दवाखान्याला, बाजाराला बोट. तापोळ्याकडे गाड्यासुद्धा तराफ्यावर घालून पलीकडे नेतात. म्हणून बोटवाले मामा जेव्हा बोलायला लागतात तेव्हा फोन खाली ठेवून ऐका. राज्याला वीज मिळाली ती यांच्या शेतावर पाणी उभं करून, आपण त्यांच्या पाण्यावरून सहलीला आलोय एवढं तरी माहीत असावं.

भूकंपाची भीती नाही ना?

कोयनेचा मोठा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, त्यानंतर धरण मजबूत केलं. छोटे धक्के त्या पट्ट्यात अधूनमधून नोंदले जातात, बहुतेक कळतही नाहीत. त्यासाठी ट्रिप रद्द करू नका.

जेवण कुठे? शुद्ध शाकाहारी मिळेल का?

मिळतं. बामणोलीत घरगुती जेवण आहे, पिठलं, भाकरी, ठेचा, भात-आमटी, आणि मांसाहारी लोकांसाठी शिवसागरातले मासे. एकच करा, सकाळी गाडीतूनच किंवा बोटीवर जायच्या आधी माणसं मोजून ऑर्डर द्या. भाकरी मागणीनुसार चुलीवर होते, पंधरा माणसं एकदम जाऊन बसली की मावशींची आणि तुमची दोघांचीही तारांबळ होते. बोटीवरून उतरलात आणि भाकरी तव्यावरून फुगून ताटात आली की तासाभराच्या वाऱ्याने लागलेली भूक काय असते ते कळतं. उपवासाचं, जैन किंवा लहान बाळाचं खाणं मात्र बरोबरच घ्या.

आईला गाडी लागते, काय करायचं?

पुढची सीट आधीच मागून ठेवा, आयोजकाला कारण सांगितलं की देतात. यवतेश्वरचा घाट आणि कासच्या पुढे बामणोलीकडे उतरणारी वळणं हे दोन टप्पे त्रासाचे. पोट अगदी रिकामं नको आणि मिसळ हाणून पण नको. गोळी घ्यायची असेल तर निघायच्या अर्धा तास आधी, डॉक्टरना विचारून. आलेपाक जवळ असू द्या.

आजी-आजोबांना झेपेल का? आणि लहान मुलं?

कास तलाव झेपतो. पठारावर चालणं जास्त होतं, त्यांना थोडंच नेऊन परत आणा. अडचण बोटीची आहे, धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या आणि हलत्या बोटीत पाय टाकायचा. पाणी भरलेलं असताना कमी उतरावं लागतं, म्हणजे परत तेच, ऑक्टोबर ते डिसेंबर. गुडघे दुखणाऱ्यांना मे मधे नेऊच नका. अगदी तान्ह्या बाळांना शेअर टूरमध्ये नको, दिवस लांबतो आणि मधे थांबणं आपल्या हातात नसतं.

मी एकटी मुलगी आहे, शेअर टूरने येऊ का?

या. एकट्या येणाऱ्या बऱ्याच असतात. बुक करताना गाडीत अजून बायका किंवा फॅमिली आहे का विचारा, गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा नंबर आदल्या दिवशी मागा, घरी पाठवा. साताऱ्यात अंधाराच्या आत परत येणारी ट्रिप निवडा. कुणी ही माहिती द्यायला आढेवेढे घेतले तर दुसरीकडे बुक करा, विषय संपला.

बाकीचे लोक उशीर करतात, मोठ्याने गाणी लावतात, त्याचं काय?

शेअरमधली खरी अडचण हीच असते, पैसा किंवा रस्ता नाही. एका कुटुंबाने तलावावर अर्धा तास जास्त घेतला की तो संध्याकाळी सगळ्यांच्या बोटीतून कापला जातो. म्हणून प्रत्येक थांब्यावर उतरताना ड्रायव्हरने वेळ मोठ्याने सांगावी आणि ती सगळ्यांनी ऐकावी, "नऊ वीसला गाडी हलणार." तुम्ही स्वतः पाच मिनिटं आधी या, त्याचा परिणाम बाकीच्यांवर होतो. खिडकी जाताना एकाची, येताना दुसऱ्याची. गाणी गावाबाहेर पडेपर्यंत चालतील, पण कासच्या जंगलात स्पीकर नको. इथे गवे आहेत, पक्षी आहेत, आणि शांतता बघायला आलेली बाकीची माणसं आहेत. नीट सांगितलं तर लोक ऐकतात असा माझा अनुभव आहे.

टॉयलेट?

निघताना साताऱ्यात, मग सीझनमध्ये कास पठारावर, मग जेवायला बसाल त्या हॉटेलात. मधे सोय धरू नका.

नेटवर्क आणि पैसे?

कासच्या पुढे नेटवर्क येतं-जातं, खोऱ्यात उतरलात की बऱ्याच सिमना नसतंच. यूपीआयवर विसंबू नका, बोट आणि जेवणाची कॅश सुट्ट्यांसकट साताऱ्यातूनच काढून घ्या. गाडी कुठे उभी राहणार आणि चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे तोंडी ठरवा.

काय घालायचं, काय घ्यायचं?

साताऱ्यात ऊन असलं तरी साधारण १२०० मीटरवरच्या पठारावर वारा झोंबतो, त्यामुळे वर्षभर एक जाडसर जॅकेट. सप्टेंबरमध्ये रेनकोट, छत्री नको, वाऱ्याने उलटते. बूट घसरणारे नकोत, ओला जांभा शेवाळाने फार निसरडा होतो. पावसाळ्यात झाडीत जळवा लागू शकतात, ओढून काढू नका, मीठ लावलं की सुटतात. पाण्याची बाटली घरून, म्हणजे विकतच्या बाटल्यांचा कचरा होत नाही.

धुकं असलं आणि काहीच दिसलं नाही तर पैसे परत मिळतात का?

नाही मिळत, आणि ते बरोबरच आहे, गाडी आणि ड्रायव्हर तर आलेत. बोट बंद असेल तर बोटीचे पैसे अर्थातच लागत नाहीत. पण आयोजकानेच माणसं कमी म्हणून ट्रिप रद्द केली तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरी तारीख, हे आधी ठरलेलं असावं. धुक्यात एक करा, पठारावर वेळ घालवू नका, सरळ बामणोलीला उतरा. खोरं बरंच खाली आहे, वर हात पुढे केला तरी दिसत नाही अशा दिवशीसुद्धा खाली बऱ्याचदा स्वच्छ असतं, आणि येताना दुपारी पठार उघडलेलं मिळतं.

दारू, पार्टी?

नको. तलावाच्या काठावर बाटल्या फुटलेल्या असतात आणि तिथे अनवाणी येणारी गुरं-माणसं गावातली असतात. गाडीत पिऊन बसणाऱ्याला घेऊ नका असं आयोजकाला सांगायचा तुम्हाला हक्क आहे, तुम्हीही पैसे दिलेत.

ड्रोन उडवता येईल का?

परवानगीशिवाय नाही. पठारावर आणि अभयारण्यात तर वनखातं सामान जप्त करू शकतं.

शेअर गाडी मिळालीच नाही तर एसटी आहे का?

आहे, साताऱ्याहून कास-बामणोलीकडे एसटी जाते आणि गावातले लोक तिनेच जातात. फेऱ्या मोजक्या आहेत, म्हणून चढतानाच कंडक्टरना परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारा आणि दिवस त्याप्रमाणे आखा. एसटीने गेलात तर एकच ठिकाण धरा, कास नाहीतर बामणोली. बामणोलीला उतरलात तर बोटीसाठी काठावर दुसरा ग्रुप बघा, विचारलं की लोक घेतात, तीही शेअरच झाली.

बुक करायच्या आधी एकदम शेवटी काय तपासू?

गाडीची प्लेट, निघायची आणि परतायची वेळ, पठाराचं तिकीट कोण काढणार, बोट धरलीय का नाही, माणसं कमी झाली तर काय. एवढ्याची उत्तरं लेखी आली की ॲडव्हान्स टाका, पूर्ण रक्कम नको, उरलेले गाडीत बसल्यावर.

आणि कंदी पेढे?

परत आल्यावर घ्या. सकाळी घेतले तर गाडीत बसून बामणोलीपर्यंत उरत नाहीत. बहुतेक ड्रायव्हर मोती चौकाच्या आसपास सोडायला तयार असतात, पण दुकानं बंद व्हायच्या आत पोचायचं तर बामणोलीहून पाचच्या आत निघा.